आठवा शिक्का

१ ऑक्टोबर, मंगळवार

पोचले एकदाची. तेवीस किलोमीटर वारा तोंडावर होता आणि सायकलच्या दोन्ही पिशव्या ठासून भरलेल्या, पण गुडघ्यानं तक्रार केली नाही. ओल्डेनवेर्फ किल्ल्याच्या पुलावर ओडा वाट बघत होती. ओडा इथली बाग आणि खंदक सांभाळते. पंचेचाळिशीची, पायात रबरी बूट, आणि जीभ हातातल्या कात्रीइतकीच चालणारी. बाकीचं सामान गाडीतून कधी येतंय, असं तिनं विचारलं. बाकीचं काही नाही म्हटल्यावर म्हणाली, मागच्या बाई पियानो घेऊन आल्या होत्या आणि तीन आठवड्यांत पियानो इथंच टाकून गेल्या, त्या मानानं तुमचं लवकर आवरेल.

मला फाटकावरच्या दोन खोल्या दिल्या आहेत. एकीत पलंग, दुसरीत टेबल. टेबलापुढच्या खिडकीतून खंदक, पूल आणि बीच जातीच्या उंच झाडांमधून येणारी सरळ वाट दिसते. खंदकातले मासे हातभर लांब आहेत. त्यांना पाव घालायचा नाही असं ओडानं बजावलं, आणि तिच्याच खिशातून पावाचा चुरा सांडत होता.

काम सोपं आहे. सकाळी अकराला पुलावरचं फाटक उघडायचं, चारला लावायचं. मधल्या वेळात सायकलवाल्यांना कॉफी आणि सफरचंदाचा केक द्यायचा, आणि ज्यांच्याकडे कार्ड असेल त्यांच्या कार्डावर शिक्का मारायचा. या भागातले आठ किल्ले सायकलनं नाहीतर पायी पुरे केले की आठ शिक्के होतात. ओल्डेनवेर्फ बहुतेकांचा आठवा, कारण केक इथलाच चांगला. आमच्या शिक्क्यावर बगळा आहे. सोमवारी सुट्टी. सत्तावीस तारखेच्या रविवारी हंगाम संपेल आणि मग वसंतापर्यंत फाटक बंद.

संध्याकाळी वाटाण्याचं सूप केलं, चमचा उभा राहील इतकं घट्ट. एकसष्टाव्या वर्षी मी किल्ल्यात राहायला आले. आई असती तर म्हणाली असती, रेन्स्के, आता तरी नीट केस विंचर.

३ ऑक्टोबर, गुरुवार

ऊन. चौतीस सायकली. एक निवृत्त जोडपं सारख्या रंगाची जाकिटं घालून आलं होतं. बुरुजाखाली उभं राहून त्यांनी मला किल्ला कुठं आहे असं विचारलं. मी वर बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, हो का, पण पाटी दिसली नाही.

ओडाला हे सांगितल्यावर ती खुरपं टाकून हसली. म्हणाली, "रेन्स्केबाई, आपल्या लोकांना डोळ्यांसमोर किल्ला दिसत नाही, पण बाण दिसतो. उद्या बाण ढगाकडे वळवा, सगळे ढगात जातील."

खरं आहे ते. आमच्याकडे नकाशा कोण उघडतो? प्रत्येक वळणावर आकड्याचा खांब असतो. घरून निघताना आकडे एका पट्टीवर लिहायचे, पट्टी हँडलला चिकटवायची, आणि एका आकड्यावरून पुढच्या आकड्याकडे बाण बघत जायचं. किल्ल्याचा खांब एकतीसचा. तो वाटेच्या शेवटी, फाटकाच्या अलीकडे आहे. त्याच्या डावीकडे पूल. उजवीकडे दगडी फरसबंदीचा उतार थेट खंदकात उतरतो. पूर्वी तिथं घोडे धूत असत. फरसबंदी दोन्हीकडे सारखीच आहे, म्हणून तिथला बाण महत्त्वाचा.

जाता जाता मी त्या बाणाचा स्क्रू चाचपून पाहिला. घट्ट होता. सवय, दुसरं काय. अकरा वर्षं मी या भागातल्या खांबांची राखणदार होते, बिनपगारी, हौसेनं. महिन्यातून एकदा फेरी मारायची, पडलेली पाटी बसवायची, पाहणीच्या कागदावर सही करायची. गुडघ्यामुळं सोडलं. म्हणजे मी सगळ्यांना तसं सांगितलं.

६ ऑक्टोबर, रविवार

गर्दी. केक दोनला संपला आणि लोकांनी माझ्याकडे मीच खाल्ल्यासारखं पाहिलं.

एक गोष्ट लिहून ठेवते. चार दिवसांत पावसाचा थेंब नाही, तरी सायकली लावायच्या जागी शेवटी एक जुनी हिरवी पुरुषी सायकल उभी होती आणि तिच्यातून पाणी गळत होतं. साखळीत पाणवनस्पती अडकलेली. मला वाटलं कोणीतरी नाल्यात पडलं असेल, म्हणून टॉवेल घेऊन गेले आणि सगळ्या टेबलांवर विचारलं. कोणाचीच नव्हती.

हँडलला पट्टी होती. शाई पसरली होती, पण वाचता येत होतं. बारा, अठ्ठावन्न, चौसष्ट, एकतीस. नीटस, बायकी अक्षर.

मी टॉवेल तिथंच टाकून आत आले. फाटक लावताना पाहिलं तेव्हा सायकल नव्हती. जमीन मात्र ओली होती. ओडा म्हणाली, मालक आला असेल आणि घेऊन गेला असेल. मी हो म्हणाले. चौसष्टच्या खांबावरून शेकड्यांनी लोक जातात, एवढं घाबरायचं कारण नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

सकाळी फाटक उघडायला गेले तर एकतीसच्या खांबावरचा किल्ल्याचा बाण उजवीकडे वळलेला होता. पाण्याकडे.

ओडा यायच्या आत मी स्क्रूड्रायव्हर आणला आणि बाण डावीकडे बसवला. दहा मिनिटांचं काम. शाळेच्या सहलीतली पोरं असतील.

पण स्क्रूखाली रबराचा वायसर होता, सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेला. स्क्रू हलू नये म्हणून असा वायसर घालायची सवय या भागात एकाच बाईला होती. गुरुवारी मी तपासलं तेव्हा तो नव्हता. वायसर मी खिशात टाकला. तो अजून ओला आहे.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

आज दोन वर्षं झाली. लिहून टाकते. वही माझी आहे, आणि लिहिल्याशिवाय आज माझ्या घशाखाली काही उतरणार नाही.

दोन वर्षांपूर्वी दहा ऑक्टोबरला वादळानं चौसष्टच्या खांबावरचा, एकतीसकडे जाणारा बाण पडला. मला फोन आला. त्या दुपारी नणंदेचा वाढदिवस होता. गोल मांडलेल्या खुर्च्या, प्रत्येकाशी हस्तांदोलन, प्रत्येकाचं अभिनंदन, कॉफीबरोबर केकचा एक तुकडा; आणि उशिरा पोचलं तर वर्षभर ऐकून घ्यायचं. मी वाटेत थांबून घाईघाईनं बाण बसवला. वारा बोचत होता, म्हणून खांबाच्या मागे, आडोशाला उभी राहिले आणि हात पुढं घालून स्क्रू आवळले. मागून बसवताना माझं डावं ते येणाऱ्याचं उजवं झालं. पुढं येऊन बघायला हवं होतं. तीन पावलं होती. मी घड्याळ पाहिलं आणि सायकलवर बसले.

चौसष्टच्या उजवीकडे नदीवरच्या बंद झालेल्या तरीचा, म्हणजे होडीच्या धक्क्याचा, उतार आहे. दुसऱ्या दिवशी दाट धुकं होतं. सीब्रांड हाक्स्मा नावाचे निवृत्त पोस्टमन सात किल्ले करून आठव्याकडे निघाले होते. बाण पाहिला, सरळ माणसासारखा हात उजवीकडे काढून वळण दाखवलं असेल, आणि उतारावरून थेट नदीत गेले.

बातमी रेडिओवर ऐकली आणि मला लगेच कळलं. पोलीस खांब बघायला जायच्या आधी मी तिथं गेले. पाण्याकाठी माणसं जमली होती, वर खांबाशी कोणी नव्हतं. मी बाण डावीकडे फिरवला. पाहणीच्या कागदावर लिहिलं, सर्व ठीक. सही केली. पोलीस आले तेव्हा बाण बरोबर होता, म्हणजे चूक माणसाची. मला कोणी काही विचारलंसुद्धा नाही.

वाढदिवसाला मी वेळेवर पोचले होते.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी धुकं उतरलं. तीन वाजता ओरडणं ऐकू आलं. एक तरुण आई, पुढच्या छोट्या खुर्चीत दोन वर्षांची मुलगी, सायकलचं पुढचं चाक पाण्यात. बाईनं वेळेवर पाय टेकवला म्हणून. मुलगी हसत होती, तिला मासे दिसले होते.

बाण उजवीकडे होता. सकाळी मी स्वतः पाहिला होता, डावीकडे होता.

बाईला आत बसवून कॉफी दिली. ती सारखी म्हणत होती की मीच वेंधळी, मला बाण उलटा दिसला असेल. मी तिला म्हणाले की धुक्यात होतं असं. बोलता बोलता हात पाठीमागे स्क्रूड्रायव्हर शोधत होता. ती गेली. तिनं मागे वळून पाहायच्या आत बाण डावीकडे झाला होता. पुन्हा वायसर. पुन्हा तोच.

१३ ऑक्टोबर, रविवार

पुलाच्या फळ्यांवर चाकाची ओली रेघ. घोड्यांच्या उतारावरून वर येते, पुलाच्या मध्यापर्यंत. तिथं थांबते.

ओडानं ती पाहिली आणि पाणमांजर असेल म्हणाली. मी म्हटलं, सायकलवर बसलेलं? ती खूप हसली. मलाही हसू आलं, आणि मग थांबवता येईना.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आज जे झालं ते सगळं लिहिणार आहे.

साडेबाराला सत्तरीच्या एक बाई पायी आल्या. काठी, निळा रेनकोट, खिशात ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्यांची पुडी. त्यांनी मला एक गोळी दिली, स्वतः एक घेतली, आणि कार्ड टेबलावर ठेवलं. कार्ड भिजून वाळलेलं, कडा फुगलेल्या. सात शिक्के. आठवा चौकोन रिकामा.

नाव वाचायची गरज नव्हती. त्या फ्राउके हाक्स्मा, सीब्रांडच्या पत्नी.

मी शिक्का हातात घेतला तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. आज नको म्हणाल्या. आज फक्त रस्ता बघून घ्यायला आले. शेवटच्या रविवारी नवऱ्याची पट्टी हँडलला लावून, त्यांच्याच वाटेनं सायकलवर येईन, आणि मग मारा. दोन वर्षं धीर झाला नव्हता. मुलगा फोनवर म्हणतो, आई, वेडेपणा करू नकोस.

कॉफी ढवळता ढवळता त्यांनी सांगितलं, अगदी सहज, शेजारणीला भाजीचं सांगावं तसं.

"पट्टी मी लिहायची. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पोस्टात असून. शेवटचा आकडा पाण्यानं गेला होता, पण मला माहिती आहे, एकतीसच्या जागी मी तेरा लिहिलं असणार. तेरा नदीपलीकडे आहे, म्हणून ते तरीकडे वळले. मुलगा काही बोलत नाही, पण त्यालाही तेच वाटतं. त्या दिवसापासून तो माझ्याकडे जेवायला येत नाही."

मी काय करायला हवं होतं ते आता ही वही वाचणारं कोणीही सांगेल. एक वाक्य होतं. तुम्ही बरोबर लिहिलं होतं. मी ती पट्टी त्या गळत्या हिरव्या सायकलवर या डोळ्यांनी पाहिली होती.

मी त्यांना केकचा दुसरा तुकडा वाढला. म्हणाले, धुकं वाईट.

त्यांनी मान हलवली. जाताना पाहुण्यांच्या वहीत फोन नंबर लिहून गेल्या, आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, तुमच्याशी बोलून बरं वाटलं, रेन्स्के.



२० ऑक्टोबर, रविवार

मला हिशोब लागला आहे. बाण मी गुपचूप सरळ केला की रेघ पुढं सरकते. नऊला केला, बाराला केला, तेराला पुलाचा मध्य. पंधराला केला, पुलाचं टोक. अठराला केला, आज अंगणाचा दगड ओला आहे, आणि कॉफीच्या टेबलाखाली पाणवनस्पती.

सीब्रांडना बाण सरळ व्हायला नकोय. कोणीतरी बघायला हवं आहे, बाण वाकडा असताना, आणि मी शेजारी उभी असताना.

एवढी सोपी गोष्ट मी करू शकत नाही.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

बाण उजवीकडे. आज हात लावला नाही. ठरवलं, ओडाला दाखवायचं, आणि मग सगळंच सांगायचं. खांबाशी उभी राहिले. वाक्य तोंडात तयार होतं, दोनदा मोठ्यानं म्हणूनही पाहिलं.

ओडा आली. बाण पाहून शिट्टी मारली. मी म्हणाले, पोरांचे उद्योग.

पोरांचे उद्योग. मीच म्हणाले हे.

ओडानं बाण फिरवला. वायसर हातात घेऊन बघितला आणि म्हणाली की कोणीतरी फार मन लावून काम करतंय. मग माझ्याकडे नीट पाहिलं. आजारी आहात का, गावात डॉक्टरकडे नेऊ का. तिचा आवाज इतका मऊ झालेला मी कधी ऐकला नव्हता. मी नको म्हणाले.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

जिना ओला आहे. चार पायऱ्या. नुसतं चाक नाही, आता पावलंही. मोठे बूट. पोस्टमन लोकांचे पाय चालून चालून फताडे होतात म्हणतात.

दुपारी दोनला ऊन होतं तेव्हा खाली शिक्का मारत होते. रांगेत पाच माणसं. पाचवं कार्ड पुढं आलं ते ओलं होतं. हात पांढरा, बोटांची टोकं सुरकुतलेली, फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी. मान वर केली नाही. सात शिक्के होते.

मी बगळा मारला. मारायलाच हवा होता ना. मारला, आणि शाई उमटली नाही. पुन्हा मारला. कागद फाटेपर्यंत मारत होते. मागच्या माणसानं, काय झालं बाई, असं विचारलं तेव्हा समोर कोणी नव्हतं आणि मी टेबलावरच मारत होते.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

मी इथं शांततेसाठी आले असं सगळ्यांना सांगितलं. खोटं. जिथं ते पोचले नाहीत तिथं मला पोचायचं होतं. इथं बसून हजार लोकांना आठवा शिक्का मारला तर एक त्यांचाही त्यात येईल, असं काहीतरी. शिक्के मारून तो एक दिवस पुसला जाणार होता होय?

बाण आज तीनदा सरळ केला. तीनदा —

जिना पूर्ण ओला. माझ्या दाराशी डबकं.

२६ ऑक्टोबर, शनिवार

फ्राउकेबाईंना फोन केला. उद्या येऊ नका म्हणायचं, आणि का ते सांगायचं. कागदावर लिहून घेतलं होतं, बघून वाचायचं एवढंच.

त्यांनी उचलला. आवाज आनंदी. मुलाला उद्याचं सांगितलंय म्हणाल्या, तो काही बोलला नाही पण सायकलला तेल घालून गेला. दोन वर्षांत पहिल्यांदा घरात आला होता.

मी विचारलं, केकवर मलई चालेल का.

चालेल म्हणाल्या.

हवामान — उद्या दाट धुकं.

२७ ऑक्टोबर, रविवार, सकाळ

खोलीत टेबलाभोवती पाणी. माझ्या खुर्चीपाशी दोन बुटांचे ठसे, टाचा मागे, टोकं माझ्याकडे. रागावलेला माणूस असा उभा राहत नाही. रस्ता विचारायला थांबलेला माणूस राहतो.

दोन वर्षं ते हेच विचारताहेत. इकडे का? बाण इकडे होता ना?

हो. होता.

२७, साडेबारा

एकतीसच्या खांबाशी उभी आहे, वही घेऊन. पेन्सिलनं लिहितेय. ओडाला फाटक सांभाळायला सांगितलं, आणि ही वही नंतर वाच म्हटलं. तिनं विचारलं, नंतर म्हणजे कधी.

बाण उजवीकडे. सरळ करणार नाही. त्यांनी बघायला हवा. फ्राउकेबाईंनी. मग सांगेन, चौसष्टला असाच होता, मीच —

धुकं. झाडं तीनच दिसतात. पूल दिसत नाही.

एक, कदाचित सव्वा

खांबामागे कोणीतरी उभं आहे. आडोशाला. मी उभी होते तसंच. पाणी ठिबकतंय. बघत नाही. मी म्हणाले, हो, इथूनच बसवला होता. मोठ्यानं म्हणाले. पहिल्यांदा कोणाला तरी.

ठिबकणं थांबलं.

मग घंटा. सायकलची. वाटेवरून.

त्याच आहेत. निळा रेनकोट. वेग फार आहे, फार, त्या वाटेकडे बघतच नाहीत, बाणाकडे बघताहेत. हाक मारली. थांबा म्हटलं. ऐकू गेलं नाही. हात काढला — उजवीकडे. वळण दाखवताहेत. शिकवल्यासारखा सरळ हात.

त्यांच्या मागे दुसरी सायकल. हिरवी. तोही हात उजवीकडे —

बाण फिरवायला वेळ आहे. एका झटक्यात होईल. कोणाला कळणारही नाही —

नाही. उतारावर उभी राहते मी, पाण्याकडे पाठ करून. आडवी. वही खांबापाशी ठेवते, तिथं कोरडं आहे.

फ्राउकेबाई, आकडा बरोबर लिहिला होतात तुम्ही. एकतीसच. तुमच्या मुलाला सांगा. बाण मी